संदर्भासाठी आमचा नंबर

पहिला फोन आला तेव्हा माझे दोन्ही हात डाग काढायच्या पाण्यात होते आणि काउंटरवर गिऱ्हाइकं खोळंबली होती. कोपराने रिसीव्हर उचलून मानेत धरला आणि म्हटलं, "बोला, लाँड्री." पलीकडचा माणूस आधी घसा खाकरला. मग म्हणाला, "लाज वाटते का?"

"कशाची?" मी विचारलं. अगदी मनापासून विचारलं. आमच्या धंद्यात कधी बटण तुटतं, कधी एकाचा कोट दुसऱ्याच्या घरी जातो. नेमकी कशाची लाज वाटून घ्यायची हे आधी कळलेलं बरं असतं.

त्याने धाकट्याचं, म्हणजे माझ्या भावाचं, नाव घेतलं, आडनावासकट. त्याने फायनान्स कंपनीचं कर्ज काढलंय, हप्ते थकलेत, त्याचा फोन बंद आहे, आणि अर्जावर 'संदर्भासाठी नंबर' म्हणून हा नंबर दिलाय. तेव्हा आता आम्ही भरायचं.

"मी सही केलीय का कुठे?"

"नंबर तुमचा आहे."

"अहो, हा नंबर आमच्या प्रत्येक पिशवीवर छापलाय. अर्धं गाव या पिशव्या घेऊन हिंडतं. मग काय, सगळ्या गावाची कर्जं मीच फेडू?"

तो म्हणाला, जीभ सांभाळून बोला. हे मला! साबणवाला माझ्या जिभेला भिऊन बिलाचे पैसे मागायला मागच्या दाराने आमच्या ह्यांच्याकडे जातो, आणि हा कोण कुठला मला शिकवणार! मी त्याची जी बिनपाण्याने केली ती सगळ्या गिऱ्हाइकांनी ऐकली. त्यातल्या एक बाई आपला झगा न टाकताच परत गेल्या.

आता आमचं सांगते. दुकान बाबांचं. बाबा गेल्यावर ते माझ्या आणि आमच्या ह्यांच्या गळ्यात पडलं. मागच्या खोलीत हे स्टीम प्रेस चालवतात, मी डाग काढते, आणि काउंटरच्या कडेला, फोनशेजारी, खुर्चीत आई बसते. कपड्यांना नंबराच्या चिठ्ठ्या टाचणं आणि कपडे न्यायला विसरलेल्यांना फोन करणं ही तिची कामं. राहतो आम्ही वरच्या मजल्यावर.

धाकटा याच दुकानात वाढला, पण त्याला दुसऱ्यांचे कपडे धुण्यात राम वाटेना. त्याने शर्टांवर चित्रं छापायचं दुकान काढलं. त्यासाठीच हे कर्ज. दुकान वर्षभरही चाललं नाही. मग एका सकाळी पिशवी भरली, "दोन दिवसांत येतो" म्हणाला आणि गेला. त्याला आता आठ महिने होत आले होते. त्याचे ते दोन दिवस काही संपले नाहीत.

पोलिसांकडे जाऊन आलो. तिथल्या साहेबांनी विचारलं, "वय काय?" सांगितलं. "भांडण झालं होतं का?" नाही. "पिशवी घेऊन गेला?" हो. "मग हरवला नाही, गेलाय. सज्ञान माणूस आहे, जाऊ शकतो." आणि त्यांनी समोरचा चहा उचलला. आईही सोबत होती. त्या दिवसापासून ती रात्रीचं जेवण अर्धं टाकायला लागली. जिवंत आहे की नाही एवढं जरी कळलं तरी चालेल, असं ती एकदा चिठ्ठ्या टाचता टाचता म्हणाली, आणि मला तिच्याकडे बघवेना.

तर अशा घरात हे फोन सुरू झाले. रोज. नेमके गर्दीच्या वेळी. माणूस दर वेळी नवं नाव सांगायचा, पण खाकरणं तेच. म्हणून आम्ही त्याचं नाव घसा ठेवलं. घसा मला फसवे म्हणाला, बेजबाबदार म्हणाला, तुमच्या शेजाऱ्यांना कळवू म्हणाला. मी म्हटलं कळवा, शेजारी आमच्याकडेच कपडे टाकतात, त्यांचे डाग मला माहीत आहेत. भीक नको पण कुत्रं आवर, अशी माझी गत झाली होती. हात ओले असायचे म्हणून मी फोनचं मोठ्या आवाजाचं बटण दाबून ठेवायचे, आणि घशाच्या शिव्या आईही ऐकायची. ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

एके दिवशी त्याचाही पारा चढला. वरून साहेबाने झापलं असावं. ओरडूनच म्हणाला, "ऐका बाई! तुमचा भाऊ पाताळात लपला असेल ना, तरी आम्ही त्याला शोधून काढू! समजलं?"

आईच्या हातातली टाचणी थांबली. ती खुर्चीतून उठली, फोनपाशी वाकली आणि म्हणाली, "काढाल का हो?"

पलीकडून, "कोण बोलतंय?"

"मी त्याची आई. शोधाल ना नक्की? कधीपासून सुरू करताय?"

घसा खाकरला, परत खाकरला. बिचाऱ्याला धमकीला असं उत्तर कधी मिळालं नसणार. म्हणाला, "आजी, ही वसुलीची कारवाई आहे. तुम्हाला त्रास होऊ शकतो."

"होऊ दे की. तुमची माणसं फिरतात ना गावोगाव? पोलीस तर नाहीच म्हणाले. तुम्ही कसं पहिल्या दमात शोधतो म्हणालात. घ्या, लिहून घ्या. उजव्या भुवईत खूण आहे, लहानपणी हँगर लागला होता. पालथा झोपतो. खिडकी नसेल तर त्या खोलीत टिकत नाही, म्हणजे तशा खोल्या सोडून द्या. आणि कुठेही गेला तरी आधी वाचनालय शोधतो. वाचत नाही हो काही, पंख्याखाली बसतो."

मी तिला खुणा करत होते, अगं गप्प बस, कुणाला काय सांगतेस! स्वतःच्या पोराचा ठावठिकाणा वसुलीवाल्यांना पुरवणारी आई मी तरी दुसरी पाहिलेली नाही. पण घसा लिहून घेत होता. पेनाची खरखर फोनमधून ऐकू येत होती. तो म्हणाला, "आजी, पंधरा वर्षं हे काम करतोय. लोक म्हणतात राँग नंबर, लोक म्हणतात मेला. माहिती देणारं घर पहिल्यांदाच लागलं."

"मेला असं कोण म्हणतं?" आई म्हणाली. "जीभ कशी रेटते!"

आणि खरं सांगते, ज्याला पोलीस हरवलाच नाही म्हणाले तो महिन्याभरात सापडला. म्हणजे पुरता नाही, पण त्याची शेपटी हाती लागली. दोन शहरं पलीकडे, एका वाचनालयाच्या माणसाने फोटो ओळखला. रोज दुपारी येऊन पंख्याखाली बसायचा म्हणे. जवळच एका घरात वरच्या मजल्यावर राहत होता, कंपनीचा माणूस पोचायच्या आदल्या आठवड्यात खोली सोडून गेला. घरमालकाचं भाडं मात्र चुकतं करून गेला होता.

"म्हणजे जिवंत आहे," आई म्हणाली.

"आहे तर! आणि पक्का आहे," घसा वैतागून म्हणाला. "थोडक्यात निसटला."

आईने त्या रात्री पोटभर जेवण केलं. वर ह्यांना म्हणाली, "जावईबापू, भाडं चुकतं करून गेला हो. संस्कार कुठे जात नाहीत." आमचे हे मशीनमधून वाफ सुटते तेव्हाच काय ते सुस्कारतात, एरवी शब्द मोजून खर्च करतात.

मला मात्र संताप आला होता. घशाचा नव्हे, धाकट्याचा. घरमालकाचं भाडं चुकतं करायला बरं सुचलं याला! आईला एक फोन करायला किती पैसे पडतात?

पुढे तर कहरच झाला. घसा फोन करायचा आणि आई मला काउंटरवरून उठवायची, "हो बाजूला, माझा फोन आहे." तो कळवायचा: गोदामात काम करत होता, तिथून सोडलं. आता फर्निचरच्या दुकानात आहे असं कळतं. सहकाऱ्याने सांगितलं, खोकला झाला होता. आई लगेच, "कोरडा की ओला?" आणि हा बाबा पुढच्या वेळी विचारून यायचा! कोरडा. मी एकदा त्याला म्हटलं, तुम्ही हे सगळं आम्हाला सांगता ते चालतं का? म्हणाला, "बाई, नियमातच आहे. थकबाकीदाराची माहिती संदर्भाच्या नंबरवर द्यायची. घरच्यांवर दबाव यावा म्हणून."

दबाव! आई दबावाची वाट बघत खुर्चीत बसलेली असायची, केस नीट करून.

त्यांच्यात बाकीही गप्पा चालायच्या. आई त्याला मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायला सांगायची. त्याचे साहेब त्याला कमी वसुलीबद्दल बोलायचे तर ही समजूत घालायची, आणि धंद्यातलं शहाणपणही शिकवायची. "पैशाचं नावच काढायचं नाही रे पहिल्यांदा. मी बघ, फोन करते आणि म्हणते, तुमचा कोट वाट बघतोय. माणूस धावत येतो आणि पैसे आपणहून काढतो. तू पहिलं वाक्य लाज वाटते का म्हणतोस. लाज वाटणारा माणूस फोन उचलेल का?" आजीची एव्हाना मावशी झाली होती. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे दोघंही एकमेकांची काडी धरून होते.

मग एक दिवस घशाने तडजोडीचा प्रस्ताव आणला. वर्षअखेर आहे, कंपनी निम्म्या रकमेवर फाइल बंद करायला तयार आहे. घरच्यांनी भरले तरी चालेल.

निम्मी रक्कम माझ्याकडे होती. नव्या बॉयलरसाठी साठवली होती. जुना बॉयलर आता वाफेपेक्षा पाणीच जास्त सोडतो. रात्री वर बसून मी विषय काढला. म्हटलं, भरून टाकू. नसती पीडा जाईल, आणि तो कर्जाच्या भीतीने लपलाय ना, कर्ज मिटलं की आपोआप येईल घरी. मला खरंच तसं वाटत होतं. मी त्याच्यावर चिडलेली असेन, पण तो दारात उभा राहिला असता तर मी बॉयलरचं नावही काढलं नसतं.

ह्यांनी बराच विचार करून तोंड उघडलं. "भरले तर भाऊ येईल. नाही भरले तर बॉयलर येईल. बॉयलरचं नक्की आहे."

"तुम्ही गप्प बसा," मी म्हटलं.

आई म्हणाली, "एक पैसा भरायचा नाही."

"अगं, तुझ्याच पोरासाठी!"

"भरलेस की त्यांचं काम संपलं. मग त्याला शोधणार कोण? तू? डाग काढायचे सोडून गावोगाव फिरणार आहेस? तो साहेब चहा पीत बसलाय तो शोधणार?"

"पण तो आपणहून..."

"आणि कर्ज मिटलं हे त्याला जाऊन सांगणार कोण? पत्ता कुणाकडे आहे त्याचा? माझ्याकडे? या जगात एवढीच माणसं आहेत ज्यांना माझा मुलगा हवाय. त्यांना पैसे देऊन घरी पाठवतेस?"

म्हणजे बघा, ज्या घरात वाणसामानाची उधारी कधी राहिली नाही, त्या घराने विचार करून, बैठक घेऊन, कर्ज थकवायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी घशाला ठणकावून सांगितलं, "आम्ही काही भरणार नाही. तुम्हाला काय कारवाई करायची ती करा." आणि मागून आई ओरडली, "सोडू नका त्याला!"

त्यानंतर थोड्याच दिवसांनी फोन थांबले.

पहिल्या दिवशी आई म्हणाली, सुट्टी असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाली, घसा बसला असेल त्याचा. मग ती रिसीव्हर उचलून कानाला लावून बघायला लागली, चालू आहे ना म्हणून. गिऱ्हाइकाचा फोन आला की झडप घालायची आणि "हं, पडदे उद्या मिळतील" असं म्हणताना तिचा आवाज पडायचा. जेवण परत अर्ध्यावर आलं. शेवटी मीच कंपनीचा नंबर शोधून लावला. तिथे आधी यंत्र बोललं, कर्ज हवं असेल तर एक दाबा, थकबाकी असेल तर दोन दाबा. मी दोन दाबलं. एक गोड आवाजाची मुलगी आली, तिने बघितलं आणि म्हणाली, "मॅडम, या नंबरवर आमचं काहीही येणं नाही. निश्चिंत राहा."

"तीच तर तक्रार आहे," मी म्हटलं. "तुमचा माणूस रोज धमकावायचा, हल्ली धमकावत नाही. का नाही?"

तिला ते कळेना. मी पत्ता, नाव, घशाचं वर्णन, सगळं सांगितलं आणि निरोप ठेवला. तेव्हा कुठे संध्याकाळी त्याचा फोन आला. खाकरला नाही. मी बटण दाबलं. आई खुर्ची ओढून फोनच्या अगदी जवळ बसली.

"मावशी, आनंदाची बातमी आहे," घसा म्हणाला. "खातं मिटलं. तुमच्या मुलाने सगळी रक्कम भरली. निम्मी नाही, पुरी, व्याजासकट. आमच्या शाखेत स्वतः येऊन भरली."

"स्वतः आला होता?" आईने टेबलाची कड धरली. "कसा होता? खोकला गेला का? वाळलाय का फार?"

"मी नव्हतो तिथे. पण चांगला होता म्हणे. इस्त्रीचा शर्ट होता."

आई माझ्याकडे बघून हसली. इस्त्रीचा शर्ट. मला हसता आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. इतके दिवस मी सगळ्यांना सांगत होते, स्वतःलाही सांगत होते, की तो कर्जाला भिऊन लपलाय. आता कर्ज नाही. मग आता तो कुणापासून लपलाय? आईच्या डोक्यात हे येऊ नये म्हणून मी घाईने म्हटलं, "बरं, पत्ता सांगा त्याचा."

आता मात्र घसा खाकरला.

"सांगा की. कागद घेतलाय मी."

"बाई, पत्ता आता देता येत नाही."

"का? परवापर्यंत तर खोकला कोरडा की ओला हेही सांगत होतात."

"परवापर्यंत ते थकबाकीदार होते. आता ते सन्माननीय ग्राहक आहेत. सन्माननीय ग्राहकाची माहिती गोपनीय असते. नोकरी जाईल माझी."

मी तोंड उघडलं होतं, पट्टा सुटणारच होता, पण तो पुढे बोलला, आणि हळू बोलला. "आणि पैसे भरताना त्यांनी एक अर्ज दिलाय. संदर्भासाठी दिलेला नंबर काढून टाकावा, तिथे पुन्हा काही कळवू नये. म्हणून मी फोन बंद केले. हा फोनही मी माझ्या खिशातून करतोय."

दुकानात मागे मशीन चालू होतं, तेही ह्यांनी बंद केलं. मी आईकडे बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. त्या क्षणी धाकटा समोर असता तर मी त्याला दोन ठेवून दिल्या असत्या आणि मग त्याला मिठी मारली असती. काय केलं रे आम्ही तुला? हसलो असू तुझ्या चित्रांच्या शर्टांना, पण कोण हसत नाही घरात!

"आपल्याला त्रास नको म्हणून काढला असेल नंबर," आई म्हणाली. मला म्हणाली की घशाला, कळलं नाही. "पहिल्यापासून तसाच आहे. दुसऱ्याला त्रास नको."

"तसंच असणार, मावशी," घसा म्हणाला.

"कंपनी चांगलं म्हणते ना आता त्याला?"

"एकदम चांगलं. असे ग्राहक कमी."

आईने टाचण्यांची डबी उगाच सरळ केली. मग ती रिसीव्हरवर दोन्ही हात ठेवून पुढे वाकली आणि गिऱ्हाइकाशी बोलते त्या गोड आवाजात, अजिबात न रडता, म्हणाली, "मग माझं एक काम कर बाबा. त्याला अजून एकदा कर्ज दे. मोठं दे. आणि नंबर आमचाच घाल."